‘पहिला कोण?’ हा प्रश्नच चुकीचा आहे : फर्मिऑनांच्या अतिप्रवाहितेचा इतिहास आणि आपली एक वाईट सवय

#धागा

१/
दर वर्षी १ जानेवारीला सत्येंद्रनाथ बोस यांच्या जयंतीनिमित्त एक संदेश फिरतो. ‘विश्वातील अर्ध्या कणांना ज्यांचे नाव, त्यांना नोबेल नाही.’ खाली संतापाच्या प्रतिक्रिया, हात जोडलेली चिन्हे, आणि २ जानेवारीला संपूर्ण शांतता. हा धागा त्या संदेशाच्या विरोधात आहे. बोस यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण त्यांच्या नावाने आपण विज्ञानाचा जो इतिहास सांगतो, तो इतिहास नव्हे. ती तक्रार आहे.

२/
‘इतिहासाच्या धाग्यात भौतिकशास्त्र कशाला?’ असे विचारणारे येतीलच. त्यांना आधीच उत्तर देते. किल्ला, तह आणि वंशावळ एवढ्यालाच इतिहास म्हणायचे असेल, तर विसाव्या शतकातील महाराष्ट्राचा निम्मा इतिहास आपण स्वहस्ते पुसून टाकतो. शिवाय आज मी जी कथा सांगणार आहे, ती साधनचिकित्सेची कथा आहे. अस्सल कागद कोणता, नंतरची बखर कोणती, आणि एखादी गोष्ट ‘घडली’ असे कधी म्हणायचे, हे आपलेच प्रश्न आहेत.

३/
आधी पार्श्वभूमी. १९२४ मध्ये ढाक्याहून बोस यांनी आइन्स्टाइनला एक लेख पाठवला. त्यातून कणांच्या एका जातीची गणना करण्याची रीत मिळाली. दुसऱ्या जातीची रीत १९२६ मध्ये फर्मी आणि डिरॅक यांनी स्वतंत्रपणे मांडली. बोसॉन आणि फर्मिऑन ही दोन्ही नावे पुढे डिरॅकनेच दिली. बोसॉन एकाच अवस्थेत हवे तितके राहू शकतात. फर्मिऑनांना तशी मुभा नाही. एसटीच्या आरक्षित आसनासारखे, एका अवस्थेत एकच. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन हे सारे फर्मिऑन.

४/
इथेच ‘पहिला कोण’ या खेळातली पहिली ठेच लागते. फर्मीच्या आधी, १९२५ मध्येच, पास्कुआल योर्डानने हीच रीत एका लेखात लिहून माक्स बोर्नकडे प्रसिद्धीसाठी दिली होती. बोर्न अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, आणि लेख सुमारे सहा महिने त्याच्या पेटीत पडून राहिला. पेटी उघडेपर्यंत फर्मीचा लेख छापून आला होता. आज जगभर ‘फर्मिऑन’ म्हणतात. ‘योर्डानॉन’ कोणी म्हणत नाही. आता योर्डानच्या जयंतीला आपण रडायचे का? (तो पुढे नाझी पक्षाचा सभासद झाला, म्हणून बहुधा कोणी रडणार नाही. नायक निवडताना आपण पुराव्यापेक्षा सोय पाहतो, हे यातून दिसते.)

५/
आता मुख्य विषय : अतिप्रवाहिता. प्रचलित शब्द सुपरफ्लुइडिटी. द्रवाने किंवा वायूने कसलेही घर्षण न होता वाहणे, असा त्याचा अर्थ. १९३८ मध्ये द्रव हीलियममध्ये ही अवस्था आढळली. २.१७ केल्विनच्या खाली, म्हणजे शून्याखाली सुमारे २७१ अंश सेल्सियसला, अत्यंत अरुंद फटीतूनही तो द्रव विनासायास निसटतो. साधा हीलियम अणू हा बोसॉन असल्याने, बोस आणि आइन्स्टाइन यांच्या कल्पनेशी या घटनेचा संबंध फ्रिट्झ लंडनने त्याच वर्षी जोडला.

६/
हा शोध कोणाचा? ८ जानेवारी १९३८ च्या ‘नेचर’मध्ये दोन टिपणे लागोपाठ छापली गेली : एक मॉस्कोच्या प्योत्र कपित्साचे, दुसरे केंब्रिजच्या अ‍ॅलन आणि मायझनर यांचे. १९७८ मध्ये नोबेल मिळाले ते एकट्या कपित्साला. पण जरा मागे जा. कपित्सा आधी केंब्रिजलाच होता. १९३४ मध्ये तो मायदेशी गेला असता सोव्हिएत सरकारने त्याला परत येऊ दिले नाही. त्याची उपकरणे रदरफर्डच्या मध्यस्थीने मॉस्कोला विकली गेली. अ‍ॅलन केंब्रिजला आला होता तो कपित्साबरोबर काम करायला. त्याला मिळाली कपित्साविना उरलेली प्रयोगशाळा. म्हणजे दोन्ही टिपणांच्या मुळाशी एकच प्रयोगशाळा होती, आणि तिचे दोन तुकडे करणारे राजकारण होते. ‘पहिला कोण’ असे विचारणाऱ्याला ही कथा कधीच दिसत नाही.

७/
बोसॉन एकत्र वाहतात, हे समजण्याजोगे आहे. पण ज्यांना एका आसनावर दोघे चालत नाहीत, ते फर्मिऑन एकदिलाने कसे वाहतील? उत्तर १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दिले : जोड्या करून. दोन फर्मिऑनांची जोडी बोसॉनासारखी वागते. धातूतील इलेक्ट्रॉन अशा जोड्या करतात तेव्हा वीज अडथळ्याविना वाहते. १९११ मध्ये लायडनला पाऱ्यात आढळलेली अतिसंवाहकता ती हीच. मात्र या जोड्या सैल असतात. दिंडीत समोरासमोर पावली खेळणारे दोन टाळकरी आठवा. दोघांचा ठेका एक, पण मध्ये कितीतरी माणसे.

८/
१९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ली, ऑशेरॉफ आणि रिचर्डसन यांना हीलियम-३ मध्ये, म्हणजे हीलियमच्या फर्मिऑन भावंडात, अतिप्रवाहिता सापडली. तापमान केल्विनच्या हजाराव्या भागाच्या तीनपटीहूनही कमी. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने वहीत टिपून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, त्यांच्या पहिल्या लेखात त्यांनी आपलाच पुरावा वेगळा वाचला होता. घन हीलियमची नवी अवस्था सापडली, असे त्याचे शीर्षक सांगत होते. खूण खरी होती, वाचन चुकले होते. काही महिन्यांत त्यांनीच ते दुरुस्त केले. १९९६ चे नोबेल त्यांना मिळाले. आता शोधाची तारीख कोणती धरायची : खूण दिसली ती, की तिचा अर्थ कळला ती?

९/
मग १९८० मध्ये अँथनी लेगेटने एक जुना प्रश्न नव्या स्पष्टतेने विचारला. जोडीतील आकर्षण हळूहळू वाढवत नेले तर काय होईल? एका टोकाला टाळकऱ्यांसारख्या सैल जोड्या. दुसऱ्या टोकाला फुगडी घालणाऱ्या दोघींसारखे घट्ट हात धरलेले रेणू. हे रेणू सरळसरळ बोसॉनच. या दोन टोकांच्या मध्ये एखादी भिंत आहे की सपाट वाट? लेगेटचे उत्तर : वाट. एकातून दुसरे अलगद उमलते. नोझिएर आणि श्मिट-रिंक यांनी १९८५ मध्ये त्यात तापमानाचा हिशोब आणला.

१०/
आता मुंबई. या वाटेचा पुढचा नकाशा ज्यांनी आखला, त्यांत मोहित रँडेरिया हे ठळक नाव आहे. सा दे मेलो आणि एंगेलब्रेख्त यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये या संपूर्ण वाटेवरील संक्रमण-तापमानाचा लेख प्रसिद्ध केला. त्यानंतरची अनेक वर्षे ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, होते. नंदिनी त्रिवेदीही त्याच काळात तेथे होत्या. बोस-आइन्स्टाइन संघननावर १९९५ मध्ये निघालेल्या प्रसिद्ध लेखसंग्रहात या वाटेवरील प्रकरण रँडेरियांचे आहे. तेव्हा या वाटेवरचा एकही थंड वायू जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत नव्हता. प्रवासाला कोणी निघण्यापूर्वीच नकाशा तयार होता.

११/
त्या नकाशात एक सूक्ष्म पण निर्णायक नोंद होती. सैल टोकाला जोडी जमणे आणि सर्व जोड्या एका अवस्थेत येणे या दोन्ही गोष्टी एकाच तापमानाला घडतात. पण आकर्षण वाढत जाते तसतशी या दोहोंची फारकत होते. जोड्या आधी जमतात, आणि बऱ्याच अधिक थंडीत मग एकदिल होतात. आपल्या भाषेत सांगायचे तर, तह झाला त्या दिवशी अंमल बसत नाही. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहावर शाई वाळली, त्याच संध्याकाळी वर्धा नदीपलीकडच्या प्रत्येक गावात सत्तांतर झाले, असे लिहिणाऱ्याला आपण इतिहासकार म्हणणार नाही.

१२/
आता प्रयोग. १९९५ मध्ये कोलोरॅडोतील कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमच्या अणूंचे संघनन घडवले. बोस-आइन्स्टाइनांचे भाकीत सत्तर वर्षांनी वायूत उतरले. हे सारे बोसॉन. फर्मिऑनांना थंड करणे कितीतरी अवघड, कारण बाष्पीभवनाने थंड करायचे तर अणूंनी एकमेकांवर आदळायला हवे. आणि एकाच अवस्थेतले फर्मिऑन अतिथंड झाले की एकमेकांवर आदळतच नाहीत. १९९९ मध्ये डेबोरा जिन आणि ब्रायन डीमार्को यांनी पोटॅशियम-४० चे अणू दोन वेगळ्या अवस्थांत ठेवून ही अडचण सोडवली. त्या वायूत फर्मींचे गणित प्रत्यक्ष दिसू लागले.

१३/
नंतरची किल्ली होती चुंबकीय क्षेत्र. काही ठरावीक मूल्यांच्या आसपास क्षेत्र किंचित बदलले की अणूंमधील आकर्षण हवे तसे कमीजास्त करता येते; याला फेशबाख अनुनाद म्हणतात. लिथियम-६ साठी ते मूल्य ८३२ गाउसच्या आसपास आहे. म्हणजे लेगेट आणि रँडेरिया यांनी कागदावर आखलेली वाट आता एक बटण फिरवून चालता येणार होती. टाळकऱ्यांकडून फुगडीकडे, आणि परत.

१४/
२००३ च्या अखेरीस शर्यत लागली. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक, कोलोरॅडोतील जिला आणि एमआयटी, या तीन गटांनी काही आठवड्यांच्या अंतराने फर्मिऑनांपासून बनलेल्या रेणूंचे संघनन जाहीर केले. ही वाटेची फुगडीकडची बाजू. जानेवारी २००४ मध्ये जिन, रीगल आणि ग्रायनर यांचा लेख आला : जिथे दोन अणूंचा स्थिर रेणू बनूच शकत नाही, अशा अवघड मधल्या भागातही जोड्यांचे संघनन. वर्तमानपत्रांनी लिहिले, ‘द्रव्याची नवी अवस्था’. आजही बहुतेक माहितीपर चित्रफितींत शोधाची तारीख हीच सांगितली जाते.

१५/
आता थांबा, आणि ज्या नजरेने आपण एखादी बखर वाचतो, त्या नजरेने हा पुरावा वाचा. काशीराव गुप्ते यांनी नागपूरकर भोसल्यांची बखर इंग्रज रेसिडेंटाच्या काळात लिहिली, तेव्हा पहिले रघुजी जाऊन साठाहून अधिक वर्षे उलटली होती. बखर निरुपयोगी ठरत नाही. पण तिने काय पाहिले, काय ऐकले आणि काय जुळवले, हे वेगळे करावेच लागते. मी राहते त्या सक्करदऱ्यात भोसल्यांच्या आठवणी पावलोपावली आहेत. त्यांतील कोणतीही ‘कागद कुठे आहे?’ या प्रश्नातून सुटत नाही. प्रयोगशाळेलाही ती सूट नाही.

१६/
जिन यांच्या गटाने जोड्या थेट पाहिल्या नव्हत्या. त्यांनी क्षेत्र झपाट्याने बदलले, सैल जोड्यांचे घट्ट रेणू केले, आणि त्या रेणूंचा वेग मोजला. बरेचसे रेणू जवळजवळ स्थिर आढळले, हेच संघनन. पण शंका रास्त होती : हे संघनन आधीपासून होते, की क्षेत्र बदलतानाच घडले? बदल इतका जलद आहे की मध्ये संघनन घडायला वेळच नाही, असे त्यांनी दाखवले. युक्तिवाद भक्कम होता. तरीही त्यातून सिद्ध झाले ते संघनन. प्रवाह कोणी पाहिला नव्हता. लेखात त्यांनी नेमके संघननच म्हटले होते. बखरीत भर घातली ती नंतरच्यांनी.

१७/
२००४ मध्येच आणखी साधने आली. जॉन थॉमस यांच्या गटाने वायूच्या ढगाला हलका धक्का देऊन त्याची धडधड मोजली. इन्सब्रुकच्या गटानेही मोजली. थॉमस यांच्या लेखाच्या शीर्षकातच अतिप्रवाहितेचा ‘पुरावा’ हा शब्द होता. इन्सब्रुकने जोडी मोडायला लागणारी ऊर्जाही मोजली. पण अकरावा भाग आठवा : जोडी जमली म्हणजे एकदिल झाली असे नाही. मध्यभागात संघननाआधीच जोड्या असू शकतात, हे सिद्धान्ताने दहा वर्षांपूर्वीच बजावले होते. म्हणून जोडीचा पुरावा हा प्रवाहाचा पुरावा ठरत नाही. साधन कसे वाचायचे हे सांगणारी टीप आधीच लिहिलेली होती, आणि ती लिहिणाऱ्यांपैकी एक जण तेव्हा मुंबईत काम केलेला माणूस होता. विज्ञानाच्या इतिहासात सिद्धान्ताचे स्थान हे असे असते. फोटोत येत नाही, पण फोटो वाचायला शिकवते.

१८/
निर्णायक कागद आला २३ जून २००५ ला, ‘नेचर’मध्ये. एमआयटीच्या झ्विअरलाइन, केटर्ले आणि सहकाऱ्यांनी लिथियम-६ चा ढग लेझर किरणांनी ढवळला. साधे पाणी बादलीत फिरवले की सगळेच एकसंध फिरते. अतिप्रवाही द्रव्य तसे फिरूच शकत नाही. त्याला फिरायचे असेल तर भोवरे पाडूनच. आणि प्रत्येक भोवऱ्याचे अभिसरण एका ठरावीक एककाचे, जे जोडीच्या वस्तुमानावरून ठरते. छायाचित्रात भोवरे दिसले, तेही त्रिकोणी जाळीत ओळीने मांडलेले. शिवाय वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसले. टाळकऱ्यांकडे आणि फुगडीकडेही.

१९/
हे साधन वेगळे का? कारण आधीच्या प्रत्येक खुणेला अतिप्रवाहितेखेरीज दुसरे स्पष्टीकरण, निदान तत्त्वतः, देता येत होते. नीटस भोवऱ्यांच्या जाळीला ते देता येत नाही. इतिहासाच्या परिभाषेत, समकालीन, स्वतंत्र, आणि ज्याचा दुसरा अर्थ लावता येत नाही असा हा कागद. लक्षात घ्या, इथेही छायाचित्र काढण्यापूर्वी क्षेत्र बदलून भोवरे ठळक केले होते. पण भोवऱ्यांची सुबक जाळी त्या क्षणभरात तयार होणे शक्य नव्हते. म्हणजे शंका तीच, उत्तर अधिक भक्कम. २०१२ मध्ये त्याच संस्थेतील गटाने मधल्या बिंदूवरचे संक्रमण-तापमान फर्मी तापमानाच्या ०.१६७ पट मोजले. धातूतील इलेक्ट्रॉनांच्या घनतेला हेच प्रमाण लावले तर ती अतिसंवाहकता खोलीच्या तापमानाच्या कितीतरी वर टिकेल. प्रश्नाची खरी किंमत ही आहे.

२०/
आता सांगा, शोध कोणाचा? नकाशा आखणाऱ्या लेगेटचा? त्याच्या समासात टिपा लिहिणाऱ्या रँडेरियांचा? वायू थंड करणाऱ्या जिनचा? धडधड मोजणाऱ्या थॉमसचा? भोवरे पाहणाऱ्या केटर्लेच्या गटाचा? ‘पहिला कोण’ या प्रश्नाला इथे उत्तर नाही, याचे कारण माहिती अपुरी आहे हे नव्हे. माहिती भरपूर आहे. उत्तर नाही, कारण प्रश्न खोटा आहे. ‘कोणत्या पुराव्याने काय सिद्ध झाले?’ हा खरा प्रश्न, आणि त्याला प्रत्येक पायरीवर स्वच्छ उत्तर आहे.

२१/
डेबोरा जिन १५ सप्टेंबर २०१६ रोजी कर्करोगाने गेल्या. वय ४७. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. तेव्हा ते दार कायमचे बंद झाले. ज्यांना पारितोषिकाच्या यादीतून विज्ञानाचा इतिहास वाचायचा आहे, त्यांच्या इतिहासात त्या नाहीत. यादीला इतिहास समजण्याची ही किंमत. बोस यांच्यासाठी अश्रू ढाळणाऱ्या संदेशाचा दोष नेमका हाच : तो अन्यायाविरुद्ध बोलतो, पण ज्या मोजपट्टीमुळे अन्याय होतो तीच मोजपट्टी हातात घट्ट धरून.

२२/
प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा इथे प्रामाणिकपणे मांडते. ‘अग्रक्रम महत्त्वाचा असतोच. श्रेयातून निधी मिळतो, नोकऱ्या मिळतात, विद्यार्थी येतात. वसाहतीतील माणसांचे श्रेय हिरावले गेले, हे ऐतिहासिक सत्य आहे.’ मान्य. पण मग त्या सत्याचाही कागद द्या. बोस यांचे नामांकन झाले होते. केदारेश्वर बॅनर्जी आणि दौलतसिंग कोठारी यांनी ते केले होते. समितीसाठी ऑस्कर क्लाइनने मूल्यमापन केले आणि अनुकूल मत दिले नाही. ही नोंद उपलब्ध आहे. तिच्यावर वाद घाला, क्लाइनची कारणमीमांसा तपासा, चूक असेल तर चूक म्हणा. ‘त्यांना डावलले’ एवढे एकच वाक्य दर वर्षी पुढे ढकलणे म्हणजे श्रेयासाठीचा लढा नव्हे. तो आळस आहे.

२३/
आणि बोस यांच्यासाठी संतापणारे आपण, आपल्याच राज्यात घडलेल्या कामाचे काय करतो? २०१६ च्या अखेरीस टीआयएफआरमध्ये रामकृष्णन यांच्या गटाला शुद्ध बिस्मथ स्फटिकात ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिसंवाहकता आढळली. बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन इतके विरळ आहेत की १९५७ चा रुळलेला सिद्धान्त तिथे पुरा पडत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये अतिथंड अणूंवर प्रयोग होतात. रँडेरियांच्या हाताखाली तयार झालेले राजदीप सेनसर्मा आज टीआयएफआरमध्ये आहेत. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण स्पंदक ताऱ्यांवर नजर ठेवते. हे तारे कधीकधी अचानक किंचित वेगाने फिरू लागतात. त्यांच्या पोटातील न्यूट्रॉनांचा अतिप्रवाह, आणि त्यातील भोवरे सुटणे, हे त्याचे प्रमुख स्पष्टीकरण आहे. एमआयटीच्या ढगातले भोवरे आणि खोडदच्या आकाशातले भोवरे, दोन्ही फर्मिऑनांचेच. यातील किती गोष्टी तुम्ही कोणत्याही मराठी इतिहास-पानावर वाचल्यात?

२४/
‘पण यात मराठी माणूस कुठे आहे?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचा मला सर्वाधिक राग येतो. भूमीचा इतिहास म्हणजे आडनावांची गाळणी नव्हे. कुलाब्यात बसून लिहिलेले समीकरण मुंबईच्या इतिहासाचा भाग आहे. लिहिणाऱ्याची मातृभाषा कोणतीही असो. आणि मराठी माणूस हवाच असेल तर त्याला शोधायची जागा तरी बदला. प्रयोगशाळा नुसत्या शास्त्रज्ञांवर चालत नाहीत. द्रव हीलियम आणि द्रव नायट्रोजन पुरवणारे तंत्रज्ञ, काचकाम करणारे, कार्यशाळेत हजारो भाग कातणारे, खोडदच्या शेतशिवारात तबकड्या सांभाळणारे कर्मचारी, यांच्याशिवाय एकही आकडा कागदावर उतरला नसता. त्यांची नावे लेखाच्या शेवटी, आभाराच्या ओळीत असतात, आली तर.

२५/
राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, ती गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरची दफ्तरे चाळून. कागद वाळवीने खाण्याआधी गाठले पाहिजेत, ही त्यांची तळमळ. आज तीच वाळवी प्रयोगवह्यांना लागते आहे. विभाग स्थलांतरित होतो, प्राध्यापक निवृत्त होतात, कपाट रिकामे करायचे असते, आणि वह्या रद्दीत जातात. पत्रव्यवहार ईमेलमध्ये गेला. पासवर्ड माणसाबरोबर जातो. तीनशे वर्षांपूर्वीच्या मोडी पत्रासाठी जीव टाकणारे आपण तीस वर्षांपूर्वीची प्रयोगवही किलोच्या भावाने जाऊ देतो.

२६/
म्हणून हात जोडलेल्या चिन्हांऐवजी काम सांगते. नागपूरची शासकीय विज्ञान संस्था १९०६ पासूनची आहे; तेव्हाचे नाव व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स. विद्यापीठ १९२३ चे. तुमच्या ओळखीत, नात्यात, शेजारी या संस्थांतील निवृत्त प्राध्यापक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल असतील. त्यांच्याकडे जा. मोबाइलवर त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करा, त्यांच्या परवानगीने. कोणते उपकरण कधी आले, कोणी दुरुस्त केले, कोणता प्रयोग फसला, हे विचारा. फसलेला प्रयोग आवर्जून विचारा. तो छापील लेखात कधीच येत नाही. जुनी वही दिसली तर छायाचित्र घ्या, तारीख आणि जागा लिहून ठेवा. साधने अशीच जमतात.

२७/
आणि पुढच्या १ जानेवारीला तो संदेश आला, तर पाठवणाऱ्याला चारच प्रश्न विचारा. कोणत्या कागदावरून? त्या कागदाने नेमके काय सिद्ध होते? काय सिद्ध होत नाही? आणि तो कागद आज कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल असे काही तोपर्यंत आपण स्वतः जमवलेले असावे.

२८/
धागा इथे संपतो. तुमच्या गावातील प्रयोगशाळा, वेधशाळा, विज्ञान महाविद्यालय यांच्या जुन्या नोंदींविषयी काही ठाऊक असल्यास उत्तरात लिहा; संस्था, साल आणि कागद कुठे पाहिला, एवढे तरी द्या. ‘ऐकले आहे’ असे असेल, तर ‘ऐकले आहे’ असेच लिहा. बखरीलाही आपल्याकडे जागा आहे. फक्त ती बखर आहे हे सांगून.